तळं राखी तो पाणी चाखी

सोलापूरच्या सात रस्ता चौकात पत्ता विचारायचा तर हाताशी वेळ ठेवून विचारावा. सांगणारा आधी "कुठनं आलाव?" म्हणून तुमचीच चौकशी करतो आणि मग सातांपैकी चार रस्ते दाखवतो. सोलापूरच्या इतिहासाचंही तेच. जो तो वेगळ्या वाटेनं आला. पोचले मात्र सगळे पाण्यापाशीच.

पहिली कुदळ बाराव्या शतकातली. सिद्धरामेश्वर म्हणजे बसवेश्वरांचे समकालीन, कन्नडमध्ये वचनं रचणारे शिवयोगी. अशा माणसानं डोळे मिटून बसायचं सोडून तळं खोदायला घेतलं, यावरून इथल्या पावसाचा स्वभाव कळावा. पुढं बहमनी काळात तळ्याला खेटून भुईकोट किल्ला उभा राहिला. तीन बाजूंना खंदक, चौथ्या बाजूला आयतं तळं! योग्याच्या पुण्याईवर एका बाजूचा खणायचा खर्च वाचवणारा तो हिशेबनीस अस्सल सोलापुरीच असणार.

१८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला पेशव्यांकडून घेतला. इथला उन्हाळा सोसल्यावर त्यांनाही तळ्याची बुद्धी झाली. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. मग गिरण्या आल्या, भोंगे आले, चादरी देशभर गेल्या.

आज विजापूर रस्त्याला कंबर तलाव आहे, किल्ल्याशेजारी सिद्धेश्वर तलाव आहे, हिप्परग्याला एकरुख आहे. आणि आम्ही शंभर किलोमीटरहून लांबच्या उजनी धरणाच्या पाण्याची वाट बघत असतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे सोलापूरकराला तिथी-वार ठाऊक नसला तरी पाण्याचा वार पाठ असतो. पाहुण्यांनीही तो विचारूनच यावं.

संक्रांतीच्या यात्रेला मात्र अख्खं गाव सिद्धेश्वर तळ्याकाठी लोटतं. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं दंतकथेतल्या कुंभारकन्येशी लग्न लागतं आणि सगळं सोलापूर वऱ्हाडी होतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही बोलींतून अक्षता पडतात.

राजे आले, पाणी चाखून गेले. राखायचं काम उरलंय ते वऱ्हाड्यांच्या वाट्याला. तेव्हा यात्रेला जरूर या, अक्षता टाका. फक्त प्लास्टिकची पिशवी तळ्यात टाकू नका.