आठ कुठे टाकायचा?

वय : २४०. उंची : सहा फूट. डोळे : करडे, भेदक. केस : दाट, खांद्यापर्यंत रुळणारे. यातला केसांचा रकाना मी सर्वांत आधी भरला, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये प्रत्येकाने आपलं पात्र कागदावर जन्माला घालायचं असतं. मुलीच्या टोळक्यात एक भिडू कमी पडला म्हणून मला बोलावणं आलं, आणि मी एल्फ व्हायचं ठरवलं. एल्फ साडेसातशे वर्षांपर्यंत जगतो आणि शंभरी गाठल्यावर कुठे जाणता समजला जातो. म्हणजे माझं सगळं अजून पुढेच होतं. पेशा जादूगाराचा. नाव अग्निशिख.

"बाबा, फटाक्याचं नाव वाटतंय," मुलगी म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं आणि अग्निशिखचा पूर्वेतिहास लिहायला घेतला. तो वाचून डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट रचणारा आणि न्यायनिवाडा करणारा इंजिनिअरिंगचा पोरगा, फार अदबीने म्हणाला, "काका, यात तुम्ही दोन ड्रॅगन मारलेत. पण तुम्ही पहिल्या लेव्हलला आहात. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला मांजरसुद्धा आवरत नाही." पुढचा रकाना दोषांचा. तिथे मी 'अति परखडपणा' असं लिहिलं. त्यावर स्वयंपाकघरातून, कागद न बघताच, सूचना आली : "चष्मा स्वतः हरवतो आणि घरादारावर ओरडतो, असं लिही." खेळाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनाही याच रकान्यात कसा काय रस असतो कोण जाणे.

पण या नियमपुस्तकात मला मनापासून आवडलं ते दरपत्रक. बाकीच्यांनी तलवारी बघितल्या, मी भाव बघितले. दहा फुटी शिडी एका चांदीच्या नाण्याला. दहा फुटी काठी पाच तांब्याच्या नाण्यांना. दहा तांब्याची एक चांदी. म्हणजे शिडी घेतली, पायऱ्या ठोकून काढल्या, तर दोन काठ्यांत पैसे वसूल आणि पायऱ्या सरपणाला फुकट! ही गोष्ट मी विजयी मुद्रेने जाहीर केली, तर पोरगा म्हणाला की आधीच्या एका आवृत्तीत शिडी पाच तांब्यांना होती आणि काठी दोन चांदीला. ही गंमत तेव्हाच लोकांच्या लक्षात आली होती. पाच तांब्यांची शिडी मोडायची आणि चाळीस तांब्यांच्या काठ्या खांद्यावर टाकून चालू पडायचं! "पण काका, विकताना निम्माच भाव मिळतो." निम्मा धरा, तरी पाचाचे वीस होतात. चौपट! ड्रॅगनच्या गुहेत जायचंय कोणाला? मी आयुष्यभर शिड्याच मोडत बसलो असतो. माझा जन्म चुकीच्या आवृत्तीत झाला.

आणि त्याच यादीत खाली शाई. लेखणी दोन तांब्यांना आणि एक औंस शाईची बाटली दहा सोन्याच्या नाण्यांना! सोन्याचं एक नाणं म्हणजे शंभर तांबे, म्हणजे एका बाटलीच्या पैशात पाचशे लेखण्या. प्रिंटर स्वस्तात गळ्यात मारून कार्ट्रिजमध्ये कापायचं, तसलाच हा प्रकार. याच यादीत खंजीर दोन सोन्याला आहे. त्या जगात लिहिण्यापेक्षा भोसकणं पाचपट स्वस्त पडतं. ज्याने हे दर लावले त्याने लेखकांना मिळणारं मानधन कधी पाहिलं नसणार, किंवा पाहूनच लावले असतील. दिवाळी अंकाचा चेक येईपर्यंत ज्याची होळी होते, त्याने हे वाचून काय करावं? खंजीर घ्यावा.

असो. मुद्दा आकड्यांचा होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ काढला, तेव्हा तीन फासे टाकायचे आणि पडेल तो आकडा ओळीने, मुकाट, पदरात घ्यायचा, अशी रीत होती. पुढे माणसं लाडावली. आता चार फासे टाकून सर्वांत लहान फासा सोडून देता येतो, नाहीतर सरळ ठरलेले सहा आकडे घेता येतात : १५, १४, १३, १२, १०, ८. ते ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप या सहा घरांत हवे तसे वाटायचे. पंधरा मी डोळे मिटून बुद्धीला दिले, चौदा छाप पाडायला. तेरा शहाणपणाला, बारा चपळाईला. उरले दहा आणि आठ. आठ म्हणजे त्या बाबतीत कायमचा उणे एक. ताकदीला आठ द्यावा, तर दार ढकलताना चारचौघांत हसं होणार. काटकपणा कोणाला दिसतो? माणसात दम किती आहे ते काही कपाळावर लिहिलेलं नसतं. टाकला आठ तिथे.

मग मी मुलीच्या कागदात डोकावलो. ती शाहीर झाली होती. छाप : १५. बुद्धी : ८.

आमच्या घरात बुद्धीला आठ! मी न बोलता खोडरबर तिच्याकडे सरकवला. तिने तो बोटाने परत माझ्याकडे ढकलला. "हिला हुशार असायची गरज नाहीये बाबा. हिचं लोक ऐकतात."

ही मुलगी रिक्षावाल्याकडे सुट्टे मागायचे असले तरी माझ्याकडे बघते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही, असं प्रत्येक पालकसभेत ऐकून घरी येताना मी तिला तेच पुन्हा ऐकवत आलो. पहिलीपासून बारावीपर्यंत तिच्या कागदावरचे आकडे शाळेने टाकले, क्लासने टाकले, ते कमी पडले की मी चेहरा टाकला. कुठला आकडा कुठे हवा, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी तर नव्हतंच. ती कागदावरचा पेन्सिलीचा भुगा फुंकत बसली होती. ते बघून मला काही सुचेना, म्हणून मी पुन्हा दरपत्रक उघडलं.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच गल्लीत एक गॉब्लिन आडवा आला. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा जीव सहा गुणांचा. माझ्या आठामुळे त्यातला एक वजा, म्हणजे पाच. गॉब्लिनने सात काढले. दोनशे चाळीस वर्षांचा, भेदक डोळ्यांचा अग्निशिख एकही मंत्र न म्हणता गटारात पडला, केसांसकट.

आता दर पाळीला वीस बाजूंचा फासा. दहा किंवा वर राहिलो तर ठीक, तीनदा खाली गेलो तर खेळ खलास. पहिल्यांदा चार पडले. तेवढ्यात मुलीची पाळी आली. शाहिराकडे एक मंत्र असतो, त्याला ना हात लागतो ना औषध, नुसता आवाज पुरतो. पोरग्याने विचारलं, "काय म्हणतेस त्याला?"

ती चक्क उभी राहिली. "ऊठ रे फुसक्या फटाक्या, लोक बघतायत!"

समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी गॅलरीत आल्या. मुलीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी उठलो.

तेव्हा तुमच्या घरातल्या पोरांनी असा कागद पुढे केला तर नाही म्हणू नका. केस, डोळे, वंशावळ काय हवी ती लिहा. काटकपणाला मात्र चौदाच्या खाली उतरू नका, आणि शाई उधारीवर मिळते का तेवढं आधी विचारून घ्या.