नवा, जुना आणि दारातला

एखाद्या घरात ट्रॅक्टर घ्यायचा नुसता विषय निघाला, की गावात एक आयोग आपोआप नेमला जातो. त्याला मानधन नसतं, मुदत नसते आणि अहवाल द्यायचं बंधनही नसतं. मेहुणा पदसिद्ध अध्यक्ष. सदस्यांत एक चुलता, ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर हप्ते थकल्यावर फायनान्सवाले ओढून घेऊन गेले. एक फिटर, जो कुठलंही इंजिन दिसलं की आधी मान हलवतो. आणि एक पुतण्या, ज्याने बाजारातले झाडून सगळे ट्रॅक्टर मोबाइलवर चालवून पाहिले आहेत. आयोगापुढे प्रश्न एकच: नवा घ्यावा की जुना? मुळात घ्यावा की नको, हा विषय कार्यकक्षेबाहेरचा. तो काढणाऱ्याच्या नावापुढे ‘जळतोय’ असा शेरा पडतो.

पहिल्या चहालाच आयोगात दोन पक्ष पडतात.

नव्याच्या पक्षाकडे युक्तिवाद कमी आणि मिरवणूक मोठी. शोरूममध्ये पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली हातात देऊन फोटो काढतात. ती किल्ली कुठल्याच कुलपाला लागत नाही. तिच्यासोबत आलेला हप्ता मात्र बरोबर लागतो. मुहूर्त पाडव्याचा, दसऱ्याचा, नाहीतर धनत्रयोदशीचा. चाकाखाली लिंबू, बॉनेटला हार, समोर नारळ. वेशीपासून घरापर्यंतचं अंतर ट्रॅक्टर डीजेच्या मागून पहिल्या गिअरमध्ये कापतो आणि एवढ्या वेळात दोन एकर नांगरून झाले असते, असं कुणीही बोलत नाही. पुढच्याच आठवड्यात मुलाच्या बायोडाटात ‘घरचा ट्रॅक्टर’ अशी ओळ येते. किती हप्ते बाकी, हा रकाना बायोडाटा छापणाऱ्यांनी अजून काढलेला नाही.

मग कंपनीचा प्रश्न. इथे निष्ठा पिढ्यान्‌पिढ्यांच्या. एका भावकीत महिंद्रा चालतो, दुसरीत स्वराज, आणि कुठला जास्त ओढतो यावरून पारावर अबोला. पंजाबात तयार झालेला स्वराज १९७४ मध्ये देशी बनावटीचा म्हणून बाजारात आला. २००७ मध्ये तो बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी महिंद्रानेच ताब्यात घेतली. म्हणजे दोन्ही भावक्या गेली कित्येक वर्षं एकाच गल्ल्यात पैसे टाकून एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्याकडे निष्ठा म्हणतात ती हीच, आणि ती फक्त ट्रॅक्टरपुरती आहे असं कुणी समजू नये.

सरकारनेही नव्याच्या पारड्यात वजन टाकलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरांवरचा आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण ४५ हजारांनी स्वस्त होईल, असा दिल्लीचा हिशेब होता. आयोगाने हा हिशेब एकमताने मंजूर केला आणि वाचलेल्या रकमेचं वाटपही तिथेच उरकलं: छत, मोठा टेप, रंगीत दिवे आणि उरलेल्यात मटणाची पंगत. सवलत शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही, अशी ओरड आता कुणी करू नये. ती पोचली, रात्री अकरापर्यंत पंगतीत होती.

अनुदानाचं म्हणाल तर यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना सव्वा लाखापर्यंत, इतरांना लाखापर्यंत. अट एवढीच, की आधी महाडीबीटीवर अर्ज, मग पूर्वसंमती आणि त्यानंतर खरेदी. म्हणजे मुहूर्त गुरुजींनी काढायचा नाही, पोर्टलने काढायचा. पंचांग आणि पोर्टल यांची तारीख जुळली तर ती लॉटरीच म्हणायची. आणि काही वर्षं या योजनेतली निवड खरोखरच लॉटरीने होत होती. जुन्या ट्रॅक्टरला अनुदान नाही. त्याला फक्त सहानुभूती, तीही विकून झाल्यावर.

जुन्याच्या पक्षातली माणसं शहाणी वाटतात, म्हणून जास्त धोक्याची. त्यांचं म्हणणं असं, की नवा ट्रॅक्टर शोरूमच्या फाटकाबाहेर पडला की त्याचा भाव उतरतो. तो उतार दुसऱ्याने सोसावा, आपण खालच्या अंगाला उभं राहून झेलावं. म्हणणं खरं आहे. अडचण एवढीच, की विकणाराही याच तालुक्यातला असतो.

‘घरचा वापर आहे, भाड्याने कधी लावला नाही,’ असं तो ज्या ट्रॅक्टरबद्दल सांगतो, त्याच्या मागच्या हुकाचं भोक दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढून लांबट झालेलं असतं. तासांचा मीटर बाराशेवर थांबलेला. तो कधी बंद पडला, हे त्यालाच काय, घरात कुणालाच माहीत नाही. क्लचच्या पेडलवरच्या रेघा मात्र झिजून गुळगुळीत. मीटर थांबला तरी पेडल मोजत राहतं. रंग नवाकोरा, तो म्हणे दसऱ्याला हौसेने मारला. इंजिन आपण पोचायच्या आधीच गरम, कारण ट्रॅक्टर ‘आत्ताच रानातून आलाय’. बाहेर तीन दिवस झड लागलेली असते आणि चाकांना चिखल नसतो.

सुरू केल्यावर धूर येतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल पितंय, काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना तर आत कुठेतरी पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. दलालाकडे तिन्ही रंगांना एकच उत्तर असतं: ‘बरेच दिवस उभा होता ना, म्हणून.’ घडीभरापूर्वी तो रानातून आला होता, हे आपणही विसरायचं असतं.

सौदा ठरतो. निम्म्या पैशांत ट्रॅक्टर आला म्हणून घरात आनंदीआनंद. पहिल्या पेरणीला क्लच प्लेट जाते, दुसऱ्या पाळीला लिफ्ट नांगर उचलायला नकार देते आणि दिवाळीच्या आत मागचे दोन टायर बदलावे लागतात. त्या वर्षी फिटरचा मुलगा इंजिनिअरिंगला जातो. आयोगात फिटरने मान का हलवली होती, याचा उलगडा तेव्हा होतो.

पण लोखंड एकवेळ दुरुस्त होतं. कागद होत नाहीत. आरसीवर फायनान्सचा बोजा चढवलेला असतो. तो उतरवायला पैसे देणाऱ्या संस्थेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो, मालकी बदलायला नमुना २९ आणि ३०. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते, ही बातमी निम्म्या ट्रॉल्यांपर्यंत अजून पोचलेली नाही. ट्रॅक्टर दिवसा काय करत होता, हे मालक सांगतो. रात्री कुठल्या नदीपात्रात होता, हे मात्र तहसीलमध्ये विचारावं लागतं.

मोटार वाहन कायद्याचं ५० वं कलम म्हणतं, की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावं. आपल्याकडे त्याऐवजी स्टॅम्पपेपरवर ‘आजपासून सर्व जबाबदारी घेणाराची’ असं लिहितात, दोन साक्षीदारांना चहा पाजतात आणि घरी जातात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच हातोहात फिरलेली एक मोटार आली. न्यायालयाने निकाल दिला, की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर. तेव्हा जुना ट्रॅक्टर विकून सुटलो, असं समजणाऱ्यांनी एकदा नोंदणी तपासावी. तो अजून तुमचाच असेल आणि या क्षणी कुणीतरी दुसराच तो हाकत असेल. मोटारसायकल आणि चारचाकी विकणाऱ्या शहरी शहाण्यांनीही हे वाचून पान उलटू नये. कायद्यात गाव-शहर असा भेद नाही.

आता ज्याला आयोगाने कधीच साक्षीला बोलावलं नाही, त्या सातबाऱ्याकडे वळू. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे, म्हणजे सुमारे तीन एकर बारा गुंठे. एवढ्या रानात नांगरट, रोटाव्हेटर आणि पेरणी धरून दोन हंगामांत ट्रॅक्टरला काम निघतं पन्नास-साठ तासांचं. बाकी वर्षभर तो दारात उभा. त्याच्यावर कोंबड्या बसतात.

सहा लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत आणि सहामाही हप्ता असा हिशेब मांडला, तर हप्ता येतो ८१ हजारांच्या वर, म्हणजे वर्षाला सुमारे एक लाख त्रेसष्ट हजार. तेच काम भाड्याच्या ट्रॅक्टरकडून करून घेतलं आणि एका हंगामाला एकरी साडेपाच हजार धरले, तर वर्षाचा खर्च छत्तीस हजार. फरक सव्वा लाखाच्या पुढचा, त्यात स्वतःच्या ट्रॅक्टरचं डिझेल आणि विमा धरलेला नाही. सरकारने आयुष्यात एकदा दिलेला सव्वा लाख हा गडी दरवर्षी परत करतो. असा प्रामाणिक लाभार्थी कुठल्या योजनेला मिळाला असेल?

यावर आयोगाचं उत्तर तयार असतं: ‘भाड्याने लावू की!’ शेजारच्यानेही याच भरवशावर घेतलेला असतो आणि त्याच्या शेजारच्यानेही. आळीत सगळेच भाडं घेणारे झाले, की देणारा शोधायला दुसऱ्या तालुक्यात जावं लागतं. एक आक्षेप मात्र रास्त आहे. वाफसा आला, की सगळ्या गावाला ट्रॅक्टर एकाच दिवशी लागतो, आणि भाडेवाला नेमका त्याच दिवशी फोन उचलत नाही. चार भावांनी मिळून एक घ्यावा, हा त्यावरचा सरळ उपाय. पण बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ एका स्टिअरिंगमागे कसे बसणार?

तेव्हा आयोग बरखास्त करून मीच निकाल देऊन टाकतो. रान पाच एकराच्या आत असेल, तर ट्रॅक्टर भाड्यानेच आणा. वाफशाचा दिवस साधावा म्हणून भाडेवाल्याला चार पैसे आगाऊ द्या. बाहेरचं काम आधीच पक्कं असेल आणि वर्षाला सहा-सातशे तास ट्रॅक्टर चालणार असेल, तर नवा घ्या, पण आधी पूर्वसंमती आणि मागून नारळ. काम मधलंच असेल तर जुना चालेल. मात्र न सांगता पहाटे जा, इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा, नात्यातला नसलेला फिटर सोबत न्या, आरसीवरचा बोजा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि शेवटचे पैसे नाव बदलल्यावरच द्या.

आणि यातलं काहीच लागू नसेल, फक्त मुलाचं लग्न जमेपर्यंत दारात ट्रॅक्टर उभा असला म्हणजे झालं, तर भंगाराच्या भावात बंद पडलेला घ्या. रंग मारा, हार घाला. डिझेल नाही, विमा नाही, हप्ता नाही. आणि बघायला येणारे सोयरे कधी इंजिन सुरू करून बघत नाहीत.