लोह्यात रुजू होताना : नवख्या साहेबांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमची बदली लोह्याला झाली. बँकेत असा, शाळेत असा, पंचायत समितीत असा की कृषी खात्यात, उद्यापासून तुम्ही इथले 'साहेब'. सासुरवाडीनं 'हे कुठं आलं?' असं विचारलं तर सांगा, नांदेडहून लातूरच्या रस्त्यानं निघालं की सोनखेडनंतरचं मोठं गाव. आधी कंधार तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुका आहे. (हे कंधारमध्ये जरा जपून बोला.) रेल्वे नाही. रेल्वेची मागणी मात्र आहे, आणि ती निवडणुकीच्या वेळी हमखास वेळेवर येते.

पहिला प्रश्न मुक्कामाचा. नियम म्हणतो, कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं. रिवाज म्हणतो, नांदेडला राहून अपडाऊन करावं. नियम आणि रिवाज यांचा समेट कागदावर होतो आणि त्याला घरभाडे भत्ता म्हणतात. एसटीत खिडकीची एक जागा तुमच्या खुर्चीवरच्या आधीच्या साहेबांची होती, ती आपोआप तुमच्याकडे येईल. तरीही माझं ऐका : एक खरीप तरी लोह्यात खोली घेऊन काढा. नाहीतर सप्टेंबरात कुणी हप्ता का भरत नाही, पोळ्याच्या आधी दोराच्या, घुंगरांच्या दुकानात पाय ठेवायला जागा का नसते आणि पाडव्याच्या आसपास सगळ्या गावाला सालगड्याची चिंता का पडते, यातलं काहीच कळणार नाही. तुमचं वर्ष एप्रिलला सुरू होत असेल. सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, आणि गाव त्याच्या वर्षानं चालतं.

दुसरा धडा ओळखीचा. तुमच्या टेबलासमोर धोतर-टोपीतले एक आप्पा येऊन बसतील. काम सांगणार नाहीत. आधी तुम्हाला कुठल्या तरी खुंटीला अडकवतील.

"साहेब, गाव कोणतं म्हणलाव?"

"सांगली."

"सांगलीत कुठं?"

"तासगाव."

"आता बघा! आमच्या धाकट्या साडूची पोरगी तासगावलाच दिली की. म्हणजे तुम्ही पाव्हणेच झालाव."

अशा वेळी 'तासगाव फार मोठं आहे हो' असं म्हणू नका. त्यांनी तुम्हाला पत्ता विचारलेला नाही, जागा दिलेली आहे. ती घ्या, चहा मागवा आणि मग कागद पुढे येईल. खुंटीला न अडकलेल्या साहेबाकडे इथं कुणी खरं कर्ज, खरी जमीन आणि खरी अडचण सांगत नाही. आप्पांना 'सर' म्हणू नका. मामा म्हणा, आप्पा म्हणा, काहीच सुचलं नाही तर 'मालक' चालतं, मग मालकाकडे दीड एकर का असेना.

हवामानाविषयी. शहरातली 'वा, काय मस्त पाऊस!' ही सवय सोनखेडलाच उतरवून ठेवा. लोह्यात पाऊस तीनच प्रकारचा : आला नाही, नको तेव्हा आला, आणि आला तो थांबलाच नाही. मृग लागला की पंचांग उघडतं. नक्षत्राचं वाहन काय, बेडूक की कोल्हा की घोडा, यावर पारावर चर्चा झडते. त्यानंतर मोबाइलवर पंजाबराव डखांचा अंदाज फिरतो, आणि सगळ्यांच्या शेवटी हवामान खातं. एवढी सगळी साक्ष घेऊन झाल्यावर माणूस आभाळाकडे बघतो आणि शेजाऱ्यानं पेरलं म्हणून पेरतो. पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, दुकानदाराच्या वहीत पान पुन्हा. नवख्यानं यावर मत देऊ नये. विचारायचंच असेल तर 'रानात वाफसा आला का?' एवढं विचारावं. या एका वाक्यानं तुमची किंमत दुप्पट होते.

इथं थट्टा थोडी बाजूला ठेवतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली लाखो एकर पिकं पाण्याखाली गेली. काढायला आलेलं सोयाबीन उभ्या जागी सडलं, शेंगेतच कोंब फुटले. बरोबर त्याच खरिपापासून राज्यानं २०२३ मध्ये आणलेला एक रुपयातला पीक विमा बंद झाला होता. त्यामुळे पंचनाम्याची यादी घेऊन कुणी आलं तर 'ई-पीक पाहणी केली होती का?' हा प्रश्न बरोबर असला तरी पहिला विचारू नका. आधी पाणी द्या.

आता मुख्य विषय, म्हणजे सोयाबीन. जुन्या पुस्तकांत वाचलेला ज्वारीचा मराठवाडा शोधत आला असाल तर भाकरीपुरता सापडेल. बाकी सगळं बॅगेवर चालतं. इथं उतारा एकरावर नाही, बियाण्याच्या बॅगेवर सांगतात. 'बॅगला आठ झालं' म्हणजे एका बॅगच्या पेऱ्याला आठ क्विंटल. समोरचा आठ म्हणाला तर मनात सहा धरा. पीककर्जाच्या नूतनीकरणाला आला असेल तर तीन म्हणेल, आणि मुलासाठी मुलगी बघायला निघाला असेल तर बारा. तिन्ही वेळा माल एकच असतो.

ऑक्टोबरात एकदा आडतीवर जाऊन उभे राहा. कुणाच्या मध्ये येऊ नका, हमालाच्या तर मुळीच नको. व्यापारी कट्ट्यात हात घालतो, मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारून कचरा उडवतो आणि एक दाणा दाताखाली धरतो. कट्‌ असा आवाज आला तर माल वाळलेला. दाणा नुसताच चेपला तर तो काही न बोलता मूठ परत कट्ट्यात सोडतो आणि शेतकऱ्याचा चेहरा पडतो. मग यंत्र येतं. त्यात दाणे घालायचे आणि आकड्याकडे बघायचं. या ओलाव्याला बाजारात 'हवा' म्हणतात. बाराच्या आत हवा असली तर भाव पुरा, वर गेली की कपात. सरकारी खरेदीची अटही बारा टक्क्यांचीच. २०२४ च्या नोव्हेंबरात ती पंधरापर्यंत सैल केली, तोवर गरजवंतांनी माल विकून टाकला होता. आधी हवा, मग माती, मग डागी दाणा, मग हमाली-तोलाई. हे सगळं वजा होऊन जी पट्टी हातात येते तिची चौकोनी घडी घालून माणूस खिशात ठेवतो आणि शेजारच्याला विचारतो, "आज लातूरला काय निघालं?"

लातूर हे लोहेकरांचं भावाचं घड्याळ. २०२१ च्या ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्या भावात माल विकलेला माणूस शोधून काढा बघू. सगळ्यांच्या शेजाऱ्यानं विकला होता. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आणि सुगीत बाजारात चार हजारांच्या आसपास, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत इथली लग्नं, शिक्षणं आणि ट्रॅक्टरचे हप्ते राहतात. 'माल थांबवून का ठेवत नाही?' असं विचारणारा साहेब दरवर्षी एक तरी येतो. तो तुम्ही नसावं, एवढीच इच्छा.

राजकारणाचा धडा छोटा ठेवू. लोहा मतदारसंघानं २००९ ला राष्ट्रवादी निवडली, २०१४ ला शिवसेना, २०१९ ला शेकाप, २०२४ ला पुन्हा राष्ट्रवादी, पण अजित पवारांची. २०१९ च्या अख्ख्या विधानसभेत शेकापचा एकच आमदार होता, तो इथला. हा भाई केशवराव धोंडग्यांचा मुलूख. शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ ला ते गेले. त्यांनी आयुष्यभर सभागृह गाजवलं, शाळा काढल्या आणि वर गुराख्यांचं साहित्य संमेलनही भरवलं. चहाच्या टपरीवर त्यांच्या गोष्टी ऐका, हसा, मान डोलवा. 'पण तुम्ही मत कुणाला दिलं?' हे विचारू नका. उत्तर मिळतं, आणि प्रत्येकाला वेगळं मिळतं.

लग्नपत्रिका येतील, ढिगानं. मुहूर्त बारा पस्तीसचा असेल तर दीडला निघा. पुढाऱ्यांचे सत्कार आटोपेपर्यंत तुम्ही पोचता. तुम्हालाही शाल-टोपी घालतील. नको म्हणू नका, आणि टोपी मंडपाबाहेर पडेपर्यंत काढू नका.

मार्गशीर्षात मात्र रजा शिल्लक ठेवा. अमावस्येला येळवस. त्या दिवशी कार्यालय उघडं असलं तरी येणारं कुणी नसतं, सगळा गाव रानात. कडब्याची कोप करतात, आत पांडव म्हणून दगड मांडून पुजतात, आणि मग पंगत : भज्जी, उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. भज्जीत तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे असतात आणि ती वाढणारा हात थांबत नसतो. तीन आमंत्रणं आली असतील तर पहिल्या रानात अर्धपोटी उठायचं असतं. हे कुणाला आजवर जमलेलं नाही.

आणि त्याच सुमाराला, चतुर्दशीपासून, तालुक्यातल्याच माळेगावला खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंट, कुस्त्या, लावणी, जिल्हा परिषदेचं कृषी प्रदर्शन. जा आणि मनसोक्त हिंडा. भंडारा धुऊन निघत नाही, पांढरा शर्ट घालू नका. लाल कंधारी बैल बघा : गर्द तांबडा रंग, डोळ्यांभोवती काळसर कड. जाणता माणूस आधी दात बघतो, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, मग भोवरे, मग चालवून दाखवायला सांगतो. किंमत तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं धरली जातात, दोघांचे चेहरे मख्ख. बघ्यांच्या गर्दीत तुम्हीही पुढे सरकलेले असाल आणि एखादा दलाल ओळखीचं हसून तुमचाही हात उपरण्याखाली ओढेल. त्या क्षणी हात सैल सोडा, कुठलंही बोट आवळू नका. पुण्यातल्या सोसायटीत बैल ठेवायला परवानगी मिळत नाही.