शूर नदीच्या काठाने

लेकीने तीनदा "सोप्पं आहे हो बाबा" म्हटलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तिला पोहायला शिकवताना मीही हेच वाक्य म्हणायचो.

वॉटरफर्ड ते डंगार्वन. आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातली ४६ किलोमीटरची सायकलवाट. इथे पूर्वी आगगाडी धावायची. १८७८ साली ती सुरू झाली, १९६७ साली प्रवासी गाडी बंद पडली आणि पन्नास वर्षांनी, २०१७ साली, त्याच वाटेवर सायकलवाले धावू लागले. लेकीचा युक्तिवाद बिनतोड होता. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून तेव्हाच्या लोकांनी टेकड्या फोडल्या, दऱ्यांवर पूल टाकले आणि वाट जवळजवळ सपाट करून ठेवली. "इंजिनाला जमलं ते तुम्हाला नाही जमणार?" इंजिनाला गुडघे नसतात, हे मला तिथल्या तिथे सुचलं नाही. असली उत्तरं मला तिसाव्या किलोमीटरला सुचतात.

सायकलच्या दुकानातल्या पोराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अतिशय नम्रपणे ई-बाइक पुढे केली. मला, ज्याने पुण्यात पेरूगेटापासून फर्ग्युसनपर्यंत मित्राला डबलसीट घेऊन, एका हाताने छत्री धरून सायकल हाणली आहे! मी मान हलवली. ही म्हणाली, "मला चालेल हो," आणि घेतली.

सुरुवातीला नदी सोबत असते. पाटीवरचं स्पेलिंग वाचून मी तिला 'सुईर' म्हणत होतो. उच्चार 'शूर' असा आहे, हे लेकीने सांगितलं. शूर नदीच्या काठाने मी निघालो आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्ये माझी छाती खरोखरच फुगलेली होती. डांबरी वाट, दोन्ही बाजूंना हिरवंगार, गाडी नाही, हॉर्न नाही. मी घंटी वाजवून पाहिली. समोरून येणाऱ्या बाईंनी थांबून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. आपल्याकडे घंटीचा एवढा अर्थ कोणी काढत नाही.

मग वारा आला. या देशात वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. शाळेत 'नैऋत्य मोसमी वारे' पाठ केले होते, ते प्रत्यक्ष छातीवर झेलण्याचा योग असा आला. वॉटरफर्डहून डंगार्वनला जायचं म्हणजे नैऋत्येलाच जायचं. सपाट रस्त्यावर मी उभं राहून पायडल मारत होतो, पोटऱ्यांत गोळे येत होते, आणि ही माझ्या शेजारून, मांडीवर जणू विणकाम घेऊन बसल्यासारखी, अलगद पुढे जात होती. दर दोन किलोमीटरला थांबून माझी वाट पाहायची आणि मी पोचलो की निघायची. म्हणजे तिची विश्रांती व्हायची, माझी नाही. सीटबद्दल लिहीत नाही. घरात लहान मुलंही मासिक वाचतात.

निम्म्याच्या जरा पुढे किलमॅकथॉमस लागतं. तिथे आठ कमानींचा दगडी पूल आहे आणि जवळच दुष्काळाच्या काळातलं गरीबगृह. बटाट्याचं पीक कुजलं आणि या देशातले लाखो लोक उपासमारीने मेले. त्या काळातल्या त्या करड्या भिंती. लेकीने पिशवीतून डबा काढला. डब्यात बटाटेवडे.

क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग भूक बोलली.

वड्याला पाव हवा, तर लेकीने वॉटरफर्डचा 'ब्ला' घेतला होता. ब्ला म्हणजे वरून पांढरं पीठ भुरभुरलेला मऊ, चौकोनीसा पाव. आपल्या लादीपावाचा गोरा मावसभाऊ. याला युरोपात भौगोलिक मानांकनही आहे, हापूसला आपल्याकडे आहे तसं. ब्ला मधून फाडला, लसणाची कोरडी चटणी पसरली, वडा दाबला. पीठ मिशांना लागलं, चटणी बोटांना. शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांना एक दिला. त्यांनी चावा घेतला, आत पाहिलं, आणि "बटाटा?" असं विचारून बाकीचा न बोलता संपवला. मग कुठले तुम्ही, वगैरे.

हिचं माहेर मालवणचं. लिओ वराडकर या देशाचे पंतप्रधान होते आणि त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, एवढी माहिती हिला आयर्लंडला येण्यासाठी पुरेशी होती. तिने ती आजोबांना सांगितली. इंग्रजी मोडकं, पण हातवाऱ्यांनी नातं इतकं जवळ आणलं की आजोबांनी उठून हिच्यासाठी कॉफी आणली. माझी मी आणली. जावयाला माहेरच्या ओळखीचा उपयोग नसतो.

पुढे ड्युरोचा बोगदा. सुमारे चारशे मीटर, आत दिवे मिणमिणते, वरून थेंब टपकतात, तोंडाशी दगडांतून नेचे लोंबतात. खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की आपण काय करायचो? तेच केलं. "ओऽऽऽ!" पलीकडच्या टोकाकडून आयरिश पोरांनी तितक्याच जोरात उत्तर दिलं.

बोगद्याबाहेर बॅलिव्हॉइलचा पूल. १९२२ च्या यादवीत तो उडवला होता आणि १९२४ साली पुन्हा बांधला. थोडं पुढे गेलं की डावीकडची झाडी संपते आणि एकदम समुद्र. मी सायकल कठड्याला टेकली. निळा नव्हे, शिश्यासारखा समुद्र. खाली क्लोनीची लांबलचक पुळण, तिच्यावर एक माणूस आणि एक कुत्रा. कुत्रा लाटेवर भुंकत होता. इथून डंगार्वनपर्यंत समुद्र साथ सोडत नाही, आणि वाराही. ही म्हणाली, "देवबागसारखंच आहे, फक्त माड काढून टाकलेत." मी दम लागल्यामुळे सहमत झालो.

डंगार्वनला पोचलो तेव्हा माझी मांडी दुसऱ्या कोणाची तरी वाटत होती. सायकली गाडीत चढवताना दुकानातल्या पोराला विचारलं, एवढ्या वाऱ्यात लोक जातात कसे? तो म्हणाला, "बरेच जण इथून वॉटरफर्डला जातात."

तेव्हा जाणार असाल तर डंगार्वनहून निघा, वारा पाठीवर येईल. आणि पोरगा ई-बाइक पुढे करेल तेव्हा त्याला पेरूगेट सांगत बसू नका.