सीटला एरंडेल

स्पोर्ट्‌स कारमध्ये माणूस बसत नाही, पडतो. आधी डावा पाय आत सरकवायचा, छताखालून मान वाकवायची आणि तोल सुटेल त्या क्षणी अंग सोडून द्यायचं. ते अंग आधी आदळतं सीटच्या दाराकडच्या लोडावर. तिथून घसरत खालच्या खोलगट भागात पोचलं, की बसणं पुरं झालं. उतरताना हाच कार्यक्रम उलट क्रमानं, फक्त तोंडानं आवाज काढत. वळणावर माणूस सरकू नये म्हणून हा लोड केलेला असतो. पण वळणं कधीमधी, चढणं-उतरणं रोजचं. म्हणून जुनी स्पोर्ट्‌स कार कुठलीही घ्या, तिचं दुखणं एकाच जागी असतं. बाकीची सीट ठणठणीत, आणि ड्रायव्हरच्या दाराकडच्या लोडाचा रंग उडालेला, भेगा पडलेल्या, क्वचित आतला फोम बाहेर डोकावत असलेला. दुखणं उजवीकडे असेल तर गाडी इंग्लंडात वाढली, डावीकडे असेल तर अमेरिकेत.

माझ्या गाडीचं उजवीकडे आहे. पन्नाशी जवळ आली की पुरुषाला जे होतं म्हणतात, ते मला रेडिंगमध्ये झालं, आणि त्यावर परवडणारा उपाय म्हणून 2001 सालची माझदा एमएक्स-5 घरी आली. दोन सीटा, कापडी टप, आत बदामी चामडं. ही गाडी पहिल्यांदा जगापुढे आली ती फेब्रुवारी 1989 मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. साठच्या दशकातल्या ब्रिटिश टपउघड्या गाड्यांची मजा जपान्यांनी उचलली आणि त्यांचं रस्त्यात बंद पडणं तेवढं मागे ठेवलं. 2016 मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. म्हणजे निदान दहा लाख लोडांवर आजवर कोणी ना कोणी आदळलेलं आहे, हा विचार मला धीर देतो. बायकोला देत नाही.

"अहो, पडदे बदलायचे राहिलेत दिवाळीपासून," ती म्हणाली, "आणि तुम्ही सीटा रंगवताय?"

त्याआधी मी सीट दुरुस्त करणाऱ्या एका इंग्रज कारागिराला फोटो पाठवले होते. त्याचा आकडा ऐकून तिनं विचारलं, "एवढ्यात अख्खी गाडी येते ना?" येते. हीच आली होती. पुण्यात नाना पेठेतल्या एखाद्या कुशनवाल्यानं संध्याकाळपर्यंत जुनं कातडं फाडून, नवं रेक्झिन चढवून, न सांगता वर लाल पायपिंगही लावून दिलं असतं. इथे सगळं आपल्या हातांनी.

खरं तर आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवू देत नसत. लहानपणी काकांच्या फियाटच्या सीटांवर शोरूममधलं प्लॅस्टिक तसंच होतं. मे महिन्यात उघड्या मांड्या त्याला चिकटत आणि उतरताना चर्रर्र आवाज येई. आत कसलं रेक्झिन आहे हे काकांनी कधी पाहिलं नाही. ते ज्यानं गाडी विकत घेतली त्यानं पाहिलं. नवं कोरं होतं म्हणे.

माझ्या दुरुस्तीला खरा रंग चढला तो सासरे, म्हणजे आमचे मामा, कागलहून महिनाभर राहायला आल्यावर. त्यांनी लोडावरून अंगठा फिरवला, भेगांकडे बघितलं आणि निदान सांगितलं. "जावईबापू, कातडं पार वाळलंय की ह्ये. वाईच एरंडेल चोळा. चार दिवसांत मऊ पडतंय बघा."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाशी कातड्यावरून वाद घालायला छाती लागते, पण मुद्दा त्यांचा नव्हता, कातड्याचा होता. कोल्हापुरी चप्पल बनते ती बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याची. त्यावर रंगाचा जाड थर नसतो, म्हणून ते कोरड्या जमिनीनं पाणी प्यावं तसं तेल पितं आणि खरोखरच मऊ पडतं. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून. सीमेवर दोघांचं जमलेली ही बहुधा एवढीच गोष्ट. गाडीच्या सीटचं चामडं मात्र वेगळ्या घराण्यातलं. ते बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांत कमावतात, वर रंगाचे हात मारतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर चढवतात. आपण चामड्यावर बसतो असं आपल्याला वाटतं. बसतो रंगावर. भेगा पडतात त्या बहुतेक या रंगाला, आणि तेल त्या थराच्या खाली उतरतच नाही. वर राहतं आणि पँटला लागतं. बाजारात सीटच्या चामड्याचं 'पोषण' करणारी मलमं मिळतात, त्यांचंही बरंचसं असंच. त्यातल्या त्यात ती पुसली जाताना धूळ घेऊन जातात, हा फायदा.

शिवाय 'लेदर सीट' म्हणून आपण ज्याची ऐट मिरवतो, त्यात अंगाला लागणारा भाग तेवढा चामड्याचा असतो. सीटची पाठ आणि बाहेरच्या कडा बऱ्याच गाड्यांत व्हिनाइलच्या, म्हणजे आपल्या रेक्झिनच्याच. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी सीट उलटी करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "फसवलं की तुम्हास्नी."

सीट काढणं हा सगळ्यात सोपा भाग. चार बोल्ट, चौदाचा पाना, आणि कंबर वाचवायची असेल तर उचलायला दुसरा माणूस. अलीकडच्या गाड्यांत सीटच्या कुशीतच एअरबॅग दडलेली असते. तिथे आधी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय पिवळ्या जोडणीला हात लावायचा नसतो. एअरबॅग घरात फुटली तर पडद्यांचा विषय कायमचा मागे पडेल. माझ्या गाडीच्या सीटमध्ये ती भानगड नाही.

काढलेली सीट गॅरेजमध्ये न्यावी, तर इंग्लंडात गॅरेज म्हणजे गाडी सोडून बाकी सगळं ठेवायची जागा. बाहेर पावसाची भुरभूर. म्हणून सीट दिवाणखान्यात आली आणि पहिल्याच संध्याकाळी घरातली सर्वांत मानाची जागा होऊन बसली. मामा तिच्यावर रेलून सकाळ वाचू लागले. पाठ मागे पाडायचा खटका त्यांना चहाच्या आत सापडला. मला सीटवर काम करायचं असेल तर त्यांची वामकुक्षी संपेपर्यंत थांबावं लागे.

खोळ उतरवली की आतला फोम दिसतो आणि माणूस विरक्त होतो. खोळ आत तारेच्या कड्यांनी फोमला धरून ठेवलेली असते. त्या पकडीनं एकेक कापायच्या आणि परत बसवताना नव्या घालायच्या. फोम नुसता दबलेला असेल तर ओल्या फडक्यावरून वाफ दिली की बराचसा उठतो. चुरा होऊ लागला असेल तर तेवढा तुकडा कापून दाट फोमचा नवा चिकटवायचा. या गाडीचे काही उंच मालक उलटंच करतात. टपाला डोकं लागू नये म्हणून बैठकीचा फोम मुद्दाम कोरून काढतात. माझी उंची पाहता हा खर्च देवानं वाचवला आहे.

मग सफाई. सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रश घेऊन बसलो, आणि मी ज्याला सीटचा रंग समजत होतो त्यातला बराच भाग आधीच्या मालकांचा मळ निघाला. मळ गेला तरी तेलकटपणा राहतोच, आणि तेलकट जागी रंग धरत नाही. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसायचं. बाटलीवरचं नाव मामांनी चष्मा लावून वाचलं.

"दारू पाजणार सीटला," ते म्हणाले, "आणि आमचं एरंडेल तेवढं नको."

त्यानंतर पॉलिश पेपर, आधी सहाशेचा, मग हजाराचा, हलक्या हातानं. भेगांच्या कडा सपाट व्हाव्यात एवढंच, चामडं सोलायचं नाही. भोक पडलं असेल तर आतून कापडाचं ठिगळ सरकवून चिकटवायचं आणि वर लांबी भरायची. ही लांबी भिंतीची नव्हे, वाकल्यावर तुटणार नाही अशी, चामड्यासाठीचीच. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. इथे घाई झाली की हीट गनची आठवण होते. ती होऊ देऊ नये. तापलेलं चामडं आकसतं, आणि आकसलेलं पुन्हा पसरत नाही.

सगळ्यात कठीण काम रंग जुळवण्याचं. गाडीच्या कंपनीनं त्या रंगाला दिलेलं नाव उपयोगाचं नसतं, कारण सीट इतक्या वर्षांच्या उन्हानं त्या नावापासून लांब गेलेली असते. मी पिवळा, तपकिरी आणि पांढरा समोर ठेवून रासायनिक प्रयोगशाळेच्या थाटात थेंब मोजत होतो. बायको भाजी चिरता चिरता आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा बदामी नाही, मोतिया झाला. लाल कमी पडतोय."

"कशावरून?"

"दोन्हीही शेड माझ्याकडे आहेत. पैठणीत आणि इरकलीत."

लाल कमीच होता. काडीच्या टोकावर घेतला तेवढा पुरला. पुढे तिनंच बजावलं, की ट्यूबलाइटखाली ठरवायचं नाही, खिडकीत आणायचं, आणि ओल्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे तंतोतंत बरोबर आहे. पाण्यात कालवलेले हे रंग ओले असताना फिकट दिसतात, वाळले की गडद होतात. म्हणून आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर ठिपका लावून, वाळवून बघायचा. साड्यांच्या दुकानात घालवलेल्या हजारो मिनिटांचं मोल असं एका सीटवर वसूल झालं. तेव्हापासून ती साड्यांच्या खर्चाबद्दल माझं काही ऐकून घेत नाही.

रंगाचे पहिले हात स्पंजनं दाबून, म्हणजे भेगांत उतरतात. नंतरचे एअरब्रशनं, इतके पातळ की काही झालंय असं वाटू नये. दोन हातांमध्ये बायकोचा हेअर ड्रायर. शेवटी वरचा संरक्षक थर. त्यात थोडं क्रॉसलिंकर घालतात, म्हणजे थर घट्ट होतो आणि जीन्सचा निळा रंग सीटला कमी लागतो. हा थर मॅटच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. चकचकीत घेतला की वीस वर्षांचं चामडं एका दुपारीत हॉटेलच्या बाकड्यावर येऊन बसतं. आणि सगळ्या सुरकुत्या बुजवू नयेत. जुन्या गाडीत अगदी गुळगुळीत सीट पाहिली की मला केस काळे केलेले मंत्री आठवतात.

सीट परत गाडीत बसली. बदामी, शांत, भेगा शोधूनही न सापडणारी. अडचण एवढीच झाली, की तिच्या शेजारची सीट, जी आजवर कोणाला वाईट दिसली नव्हती, ती एकदम म्हातारी दिसू लागली. ती सीट बायकोची. "म्हणजे तुमची नवी आणि माझी ही अशी," असं वाक्य येणारच होतं, ते आलं. पण सकाळी पाहिलं तर ती सीट लखलखत होती. मामा शेजारी उभे होते आणि त्यांच्या हातात, भारतीय वाणसामानाच्या दुकानातून आणलेली, अर्धी झालेली बाटली होती. जावयानं ऐकलं नाही म्हणून लेकीच्या सीटला त्यांनी स्वतः एरंडेल चोळलं होतं. तेल वर तरंगत होतं, शिवणीत आणि भेगांत मात्र खोल मुरलं होतं, म्हणजे नेमकं तिथे जिथे रंग आता धरणार नव्हता.

ते तेल काढायला ड्रायव्हरच्या अख्ख्या सीटला लागलं त्याहून जास्त आयसोप्रोपिल लागलं. मामा पूर्ण वेळ शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "दोन्ही सीटांचीबी पिण्याची ताकद दांडगी," एवढंच त्यांचं मत पडलं. पुढचं संकट म्हणजे रंग संपला होता. नव्यानं कालवलेला बायकोनं खिडकीत नेला, आणि पुन्हा मोतियापासून सुरुवात झाली.

तेव्हा हे घरी करणार असाल तर अवश्य करा. कारागिराच्या पैशांत पडदे येतात. फक्त रंग पहिल्याच दिवशी दोन्ही सीटांपुरता कालवा, कालवताना बायकोला बोलवा, आणि सासरे कोल्हापूरकडचे असतील तर गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.