कंगोऱ्यामागचा उजेड

भिंत आणि छत जेथे एकमेकांना भेटतात, तेथे बांधकामाची खरी परीक्षा होते. कारण गिलाव्याची रेषा तेथे हटकून नागमोडी जाते, काटकोन नव्वद अंशांत बसायला नाखूश असतो आणि रंगाऱ्याचा हातही नेमका त्याच ठिकाणी थरथरतो. हा सांधा झाकण्यासाठी जी नक्षीदार पट्टी लावतात, तिला इंग्रजी परंपरेत क्राउन मोल्डिंग आणि मराठी कारागिरांच्या बोलीत कॉर्निस किंवा नुसती ‘पीओपीची बॉर्डर’ म्हणतात. तिचे कूळ मात्र मोठे आहे. ग्रीक व रोमन मंदिरांच्या माथ्यावर, पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकण्यासाठी जो पुढे आलेला कंगोरा असे, तोच कालांतराने घरात शिरला, आणि घरात पाऊस पडत नसल्यामुळे (निदान पडू नये अशी अपेक्षा असल्यामुळे) केवळ शोभेचा होऊन राहिला.

हीच पट्टी छताला न टेकवता चार-सहा इंच खाली बसवली, तिच्या मागे पन्हळीसारखी खाच ठेवली आणि त्या खाचेत दिवे दडवले, म्हणजे जो प्रकाश मिळतो त्याला अप्रत्यक्ष प्रकाश म्हणतात. बाजारात त्याचे नाव ‘कोव्ह लाइट’. यात दिवा खोली उजळत नाही. तो छत उजळतो आणि छताने पुढे खोलीला काय द्यायचे ते द्यावे अशी व्यवस्था असते. मुंबईत 1933 मध्ये रीगल आणि 1938 मध्ये इरॉस ही चित्रपटगृहे ज्या आर्ट डेको शैलीत उभी राहिली, त्या शैलीला उजेड दाखवून दिवा लपवण्याची ही युक्ती विशेष प्रिय होती. चित्रपटगृहात हा मंद उजेड पसरला की प्रेक्षक सावरून बसत, कारण थोड्याच वेळात तो विझून चित्रपट सुरू होणार असे. दोन बेडरूमच्या सदनिकेत तो पसरल्यावर पुढे काहीही सुरू होत नाही, हा या दोन वास्तूंमधला मूलभूत फरक आहे.

पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम नावाचे खनिज सुमारे 150 अंश सेल्सिअसला भाजून त्यातले तीनचतुर्थांश पाणी घालवल्यावर उरणारी पांढरी पूड. पाणी लागताच तिला आपले मूळ रूप आठवते आणि ती काही मिनिटांत पुन्हा दगड होते. त्यामुळे घमेल्यात पीओपी कालवल्यानंतर कारागीर चहाला जात नाही. चहा आधी होतो, आणि बहुधा नंतरही.

आता हिशेब. बारा बाय पंधरा फुटांच्या हॉलचा घेर 54 फूट, म्हणजे सुमारे साडेसोळा मीटर भरतो. एलईडीची पट्टी पाच मीटरच्या रिळात मिळत असल्याने तीन रिळे अपुरी पडतात आणि चौथ्याचा बराचसा भाग पुढील दिवाळीच्या कंदिलासाठी माळ्यावर जातो. मीटरला दहा वॉट धरले तरी 165 वॉट खर्च होतात. त्याच हॉलमध्ये 36 वॉटच्या एका ट्यूबलाइटखाली दोन मुलांची दहावी झाली, ही गोष्ट घरातील ज्येष्ठ मंडळी विचारले नसतानाही सांगतात. शिवाय पट्टी बारा व्होल्टची असेल, तर लांब अंतरावर दाब कमी होत जाऊन आरंभीचा उजेड ठसठशीत आणि टोकाचा आजारी दिसतो. उपाय सोपा आहे: वीज दोन्ही टोकांनी द्यावी किंवा चोवीस व्होल्टची पट्टी घ्यावी. तो सर्वांना माहीत असतो. पट्टी चिकटवून झाल्यावर.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रकाशाची छटा केल्विन या तापमानाच्या एककात सांगतात, आणि तापलेली वस्तू जितकी अधिक तापते तितका तिचा प्रकाश निळसर होत जात असल्याने, 2700 केल्विनच्या पिवळट प्रकाशाला ‘वॉर्म’ आणि त्याहून कितीतरी तप्त अशा 6500 केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशाला ‘कूल’ म्हणण्याची उलटी रीत पडली आहे. सजावटकार वॉर्मचा आग्रह धरतो. परंतु ज्या पिढीने पिवळा बल्ब काढून ट्यूब लावली तो दिवस पेढे वाटून साजरा केला, त्या पिढीची आजी पहिल्या संध्याकाळी वर पाहून एवढेच विचारते, “व्होल्टेज कमी आलंय का रे?”

तथापि या योजनेचा खरा स्वभाव याहून खोल आहे. ट्यूबचा उजेड छतावर सर्वदूर विखरून पडतो, म्हणून छताची उंचसखलता त्यात विरघळून जाते. खाचेतला दिवा छताला खेटून, तिरका उजेड टाकतो, आणि तिरक्या उजेडात दोन मिलिमीटरच्या उंचवट्यालाही सावली असते. परिणामी सपाट म्हणून पैसे मोजलेले छत संध्याकाळी ओहोटीच्या वेळच्या किनाऱ्यासारखे वळ्यावळ्यांचे दिसू लागते. पीओपीवाला म्हणतो, पुट्टी नीट मारली नाही; रंगारी म्हणतो, मूळ लेव्हलच नव्हती; वायरमन म्हणतो, दिवसा बघा, काही दिसत नाही. तिघांतील शेवटचे विधान तेवढे निर्विवाद आहे.

खाचेत धूळ साठते, धुळीबरोबर किडे येतात आणि किड्यांमागून पाल येते. पाल बोटभरच असते. पण दिव्यासमोरून चालताना तिची छतावर पडणारी सावली सुसरीएवढी होते, आणि ती शेपूट हलवत पाहुण्यांच्या डोक्यावरून संथपणे सरकते. दिवा दडला म्हणून घरातले बाकी काही दडत नाही. विजेचा दाब उतरवणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा डबा तर छताच्या आत बंद केलेला असतो. कोंडलेल्या उष्णतेने पट्टीच्या आधी बहुधा तोच दगावतो, आणि झाकण ठेवायचे कोणालाच सुचलेले नसल्यामुळे त्याच्यासाठी छत कापावे लागते. कापलेला चौकोन नंतर बुजवतात. त्यावरचा रंग डब्यावर तोच क्रमांक लिहिलेला असूनही जुळत नाही, आणि नव्या ड्रायव्हरच्या जोरावर उजळलेला तिरका प्रकाश सर्वप्रथम त्या चौकोनाच्या चारही कडा रेखून दाखवतो.

म्हणूनच अशा घरांत ट्यूबलाइट काढून टाकलेली क्वचितच आढळते. वर्तमानपत्र, गृहपाठ, भाजी निवडणे आणि सुईत दोरा ओवणे ही कामे तिच्याखालीच चालतात. कोव्ह लाइट गणपतीत, वाढदिवसाला आणि मुलगी पाहायला किंवा दाखवायला माणसे आली की लागतो. त्या वेळी गृहस्वामी ट्यूब विझवतो, क्षणभर थांबतो आणि दुसरे बटण दाबतो. छत सोनेरी होते. सोफ्यावरचे काका मान वर करून बराच वेळ निरखून पाहतात, समाधानाने मान डोलावतात आणि विचारतात, “वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपतंय का हो? तो कोपरा ओला दिसतोय.”

गृहस्वामिनी ट्यूब लावते.