मुरुडकर कॉर्फूत

मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं लगेच समुद्र आणि जंजिरा काढतात. आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं. तिथं लाटा येतात त्या उन्हाच्या. अशा गावच्या पोरानं बायको केली ती ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरची. म्हणून यंदाचा ईस्टर व्याह्यांकडं.

निघण्याआधीच तारखेचा घोळ. गावातल्या ख्रिस्ती मित्राचा ईस्टर होऊन गेला, व्याह्यांचा अजून यायचाच. ग्रीक चर्च जुन्या ज्युलियन पंचांगावरून तिथी काढतं, असं पोरानं फोनवर बराच वेळ समजावलं. सौ.नं दोन शब्दांत मिटवलं, ''स्मार्त आन् भागवत!''

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी संत स्पिरिडॉनची मिरवणूक निघाली. पुढं ब्रास बँड, मागं संताचा देह. 16व्या शतकात बेटावर दुष्काळ पडला, तेव्हा यांच्याच कृपेनं धान्याची गलबतं बंदराला लागली, अशी इथली श्रद्धा. 'दुष्काळ' कानावर पडताच सौ.नं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

अकराच्या घंटा झाल्या आणि लाल कापडं टाकलेल्या गॅलऱ्यांमधून धडाधड माठ कोसळायला लागले. खाली तोबा गर्दी, टाळ्या, आरोळ्या. व्हेनिसचं राज्य इथं 1386 पासून 1797 पर्यंत होतं. त्यांची नववर्षाला जुनं सामान खिडकीतून फेकायची रीत पुढं ईस्टरला चिकटली, असं व्याही सांगत होते. इथवर आमची हरकत नव्हती. पण माठ फुटला की आतून भडाभडा पाणी! आवाज मोठा व्हावा म्हणून मुद्दाम भरलेलं!

''आवो, रिकामेच टाका म्हणावं की!'' सौ. ओरडली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माहेरी घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई ती. लोक शुभ म्हणून खापऱ्या वेचत होते. ही गटारीकडं वाहत चाललेलं पाणी बघत होती.

मध्यरात्री चर्चबाहेर मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटत गेली. ''क्रिस्तोस अनेस्ती!'' म्हणजे ख्रिस्त उठला. आम्हीही जोरात म्हणालो. घरी आल्यावर विहीणबाईंनी मेणबत्तीच्या काजळीनं चौकटीवर क्रूस काढला. सौ.नं लगोलग पर्समधली पुडी काढून उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं. विहीणबाई खूश.

मग लाल अंड्यांची टक्कर. ज्याचं शाबूत राहील त्याचं वर्ष बरकतीचं. सौ.नं व्याह्यांसकट अख्ख्या गोतावळ्याची अंडी फोडली. कोकराच्या आतड्या-काळजाचं सूप मात्र एका चमच्यात निकालात काढलं, ''मीठ हाय, तिखट कुठंय?''

जिंकल्याचा जोर होताच. पोराला म्हणाली, ''इचार तुझ्या सासूला, ह्यो साधू एक उन्हाळा आमच्याकडं धाडता का?''

विहीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, ''संत वर्षातून फक्त चारदाच बाहेर निघतात.''

''चारदा कशाला?'' सौ. म्हणाली, ''मिरगाला एकदा आला तरी बास. तिकीट आम्ही काढू.''